दुसरी पिशवी

"सर, तोंडावर काय तुकतुकी आलीय हो तुमच्या!" गुणाजी म्हणाला आणि हातातला ब्रश तसाच धरून महादेवरावांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. त्याच्यापुढे फळीवर ओळीने गणपती बसले होते. कुणी नुसते पांढरे, कुणाच्या अंगावर गुलाबी हात फिरलेला, डोळे अजून कुणालाच नव्हते. पेणच्या त्या आळीत चेहरे रंगवण्यात ज्याचा जन्म गेला असा माणूस टक लावून बघायला लागला की समोरच्याला आपलं नाक जागेवर आहे ना अशी शंका यायला लागते. "कुठला रंग मारलात? आमाला पन सांगा की," गुणाजी म्हणाला. कारखान्यातली माणसं हसली. महादेवरावही हसले. रिटायर झालेल्या मास्तराला आळीत एवढी चेष्टा सोसावीच लागते, तिचं काही वाटून घ्यायचं नसतं. पण जे वर्तमानपत्र मागायला आले होते ते तिथंच विसरून ते घराकडे वळले, आणि चालता चालता आपला चेहरा आपल्याला जड झालाय, कुणीतरी सांभाळायला दिलेल्या वस्तूसारखा आपण तो घेऊन चाललोय, असं त्यांना वाटायला लागलं. विमलला जाऊन अजून चार महिनेही झाले नव्हते.

हे चार महिने कुणीच उच्चारले नव्हते. गुणाजीच्या मनातही ते नसतील. तो मनात एक आणि तोंडावर एक असला माणूस नव्हे. पण घरी येऊन बेसिनवरच्या आरशात बघितलं तेव्हा महादेवरावांना ते चार महिने कुठेच दिसेनात. गालांची ओढ गेलेली, कपाळ स्वच्छ, नाकाच्या बाजूला वर्षानुवर्षं असणारे काळसर डाग फिकट झालेले. बायको गेलेल्या माणसाचं तोंड कसं असतं हे त्यांना चांगलं माहीत होतं. शाळेतल्या एका सहकाऱ्याचं त्यांनी बघितलं होतं, वर्षभर तो माणूस आजारातून उठल्यासारखा दिसायचा आणि वर्गात पोरंसुद्धा त्याच्यापुढे गप्प बसायची. आणि हे आपलं तोंड! लग्नाला निघालेल्या माणसाचं असावं तसं. दुःख आपल्याला झालंय याबद्दल त्यांना आतापर्यंत शंका नव्हती. ते होतंच, सकाळी उठल्यावर पलंगाच्या त्या बाजूला हात जायचा आणि परत यायचा तेव्हा होतं, दुपारी जेवताना होतं. मग ते वर का येत नाही? की आपण ज्याला दुःख म्हणतोय ती नुसती गैरसोय आहे? आरशापुढून ते बाजूला झाले, पण प्रश्न काही बाजूला होईना.

सगळं त्या दुधामुळे झालं होतं. विमल गेली त्या सकाळी दूध गॅसवर होतं. "जरा बसते हं," म्हणून ती ओट्याला टेकून खाली बसली ती बसलीच. बाहेर पेपर वाचत असलेल्या महादेवरावांना करपल्याचा वास आला म्हणून ते आत गेले. आधी गॅस बंद केला आणि मग तिच्याकडे बघितलं. हा क्रम त्यांच्या मनातून अजून जात नव्हता, जरी डॉक्टरांनी सांगितलं होतं की तुम्ही आधी धावला असता तरी काही उपयोग नव्हता. मग आळी जमली. पुढचं सगळं जसं व्हायचं असतं तसं झालं. घरात माणूस गेलं की शिजलेलं अन्न, भरलेलं पाणी टाकून द्यायचं असतं. गुणाजीची बायको चंद्रावती पदर खोचून आत गेली, पिंपातलं पाणी उपसून टाकलं, आदल्या रात्रीची भाजी टाकली, आणि ते दुधाचं पातेलं उचलून मोरीत पालथं केलं. बाहेरच्या खोलीत माणसांच्या गराड्यात बसलेल्या महादेवरावांना दारातून तेवढंच दिसलं, पांढरी धार आणि मोरीच्या जाळीत अडकलेली साय. आणि त्यांच्या मनात काय आलं? विमल गेली हे नाही आलं. विमल आता ओरडेल, हे आलं. उभ्या आयुष्यात त्या बाईने दुधाचा थेंब मोरीत जाऊ दिला नव्हता. ते अर्धवट उठलेसुद्धा होते. कुणीतरी खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं, आणि बघणाऱ्यांना वाटलं की सरांना भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराच्या कडीला पिशवीत दोन दुधाच्या पिशव्या लटकत होत्या, रोजच्यासारख्या. आळीत दूध टाकणारी बायजाबाई त्यांना बघून थांबली. डोळ्यांना पदर लावला. "बाय लय चांगली होती वो सर," म्हणाली, आणि पुढच्या घराकडे गेली. एक पिशवी कमी करू का, हे तिने विचारलं नाही. विचारायला तिची जीभ रेटली नसेल. महादेवरावांनीही सांगितलं नाही. सुतकाच्या दिवसांत दोन काय, चार पिशव्याही लागल्या असत्या, माणसं येत-जात होती. पण चहा शेजारून यायचा, जेवण शेजारून यायचं आणि पिशव्या फ्रिजमध्ये जायच्या. तेरावं झालं. मुलगी लतिका रोह्याला आपल्या घरी परत गेली. नवऱ्याची कंपनीतली शिफ्ट सांभाळून ती किती दिवस राहणार? आणि मग एका सकाळी महादेवरावांनी फ्रिज उघडला तर आत दुधाच्या पिशव्यांची चळत, आणि बहुतेकांवरची तारीख उलटून गेलेली. मास्तर माणूस, छापलेलं वाचल्याशिवाय राहवत नाही. एकेक पिशवी उचलून ते तारखा वाचत राहिले. एक तारीख विमल होती त्या दिवसांतली निघाली. ती पिशवी त्यांनी हातात धरून ठेवली, आणि हाताला गारठा झोंबायला लागला तेव्हा परत आत ठेवली.

टाकणार कुठे? मोरीत ओतायचा प्रश्नच नव्हता. बायजाबाईला सांगायला पाहिजे होतं, उद्यापासून एकच टाक. किती साधं वाक्य. रोज सकाळी कडी वाजली की महादेवराव ते वाक्य तयार करून दाराशी जायचे आणि बायजाबाईच्या पाठीकडे बघत उभे राहायचे. एकच टाक म्हणजे काय, ते तिला कळणार, आळीला कळणार. आळीला ठाऊक होतंच म्हणा. मग अडत कुठे होतं, हे त्यांना उलगडत नव्हतं. विमल तारखा बघायची नाही. पिशवीचा कोपरा कापून नाकाशी धरायची आणि ठरवायची, हे प्यायचं, याचं दही, आणि हे "वरचं". वरचं म्हणजे अंगाला, झाडाला, भांड्याला. नासलेलं दूध घरात आलं की तिला काम मिळायचं. पाणी घालून ते कढीपत्त्याच्या बुंध्याशी, थोडं समईला आणि ताम्हनाला चोळायला, फडक्यावर घेऊन ह्यांच्या चपलांच्या पट्ट्यांना, आणि उरलेलं टाचांना. तिच्या नव्हे, ह्यांच्या. वर्गात उभं राहून राहून भेगा पडलेल्या त्या टाचा पाटावर घेऊन ती रविवारी बसायची आणि महादेवराव पेपर वाचत पाय तिच्या ताब्यात देऊन मोकळे व्हायचे. आंबूस वास यायचा. "काय गं हे, दह्यात बुडवल्यासारखं," असं ते म्हणायचे. ती म्हणायची, "हलू नका हो."

तेव्हा त्यांनी तेच सुरू केलं. आधी कढीपत्ता. पण विमल किती पाणी घालायची हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं, पिशव्याच्या पिशव्या तशाच बुंध्याशी ओतल्या आणि आठवड्याभरात आळीतल्या तमाम मुंग्या तिथे आल्या, मांजरं आली, आणि वास असा सुटला की चंद्रावती भिंतीवरून म्हणाली, "सर, उंदीर मेलाय का वो?" मग भांडी. देवघरातली समई अशी लखलखली की तिच्याकडे बघवेना. मग चपला, मग टाचा; स्वतःच्या टाचेपर्यंत स्वतःचा हात नीट पोचत नाही हे त्यांना या वयात कळलं. आणि चेहऱ्याचं झालं ते तर चुकून. पिशवी दातांनी फाडायला गेले आणि चिळकांडी उडून गालभर झाली. पुसायच्या आधी फोन वाजला, बोलता बोलता दूध वाळलं, कातडी ताणली, आणि धुतल्यावर बोटांना जे लागलं ते इतकं मऊ होतं की त्यांनी हात झटकन मागे घेतला. दुसऱ्याच कुणाच्या गालाला हात लागला होता जणू. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम लावलं. मग डाळीचं पीठ कालवून लावलं. दार लावून, खिडकीचा पडदा ओढून, मोरीजवळच्या स्टुलावर बसून. डोळे मिटायचे आणि कपाळापासून खाली बोटं फिरवत यायचं, भुवया, डोळ्यांचे खड्डे, नाक, ओठांच्या वरची जागा. गार वाटायचं. घरातला आवाज बंद व्हायचा. आपल्याला आवडतंय हे, हे त्यांना कळत होतं आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. विमलचं दूध वाया जाऊ नये म्हणून लावतो, असं ते स्वतःला सांगायचे. पण मग दुसऱ्या पिशवीची वाट का बघतो? ती नीट शिळी व्हावी म्हणून फ्रिजबाहेर का ठेवतो?

गुणाजी बोलला त्याच आठवड्यात रोह्याहून लतिकाचा फोन आला. चंद्रावती कुणाच्या तरी लग्नाला तिकडे गेली होती, तिची गाठ पडली म्हणाली. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग अंगात ताप असल्यासारख्या आवाजात लतिकाने विचारलं, "अण्णा, तुम्ही कुठे बघताय का?"

"काय बघतोय?"

"काकू म्हणत होत्या, सर एकदम तरुण दिसायला लागलेत. दार लावून बसतात. बरं आहे, म्हणाल्या, पुरुषमाणसाचं एकट्याने निभत नाही. हसत होत्या." मग ती म्हणाली, "मला वर्षश्राद्धापर्यंत तरी काही ऐकायला लागू नये एवढंच वाटत होतं. शनिवारी या इकडे. समोर बसून सांगा काय ते." आणि तिने फोन ठेवला.

महादेवरावांनी त्या दिवसापासून दूधही लावलं नाही आणि दाढीही केली नाही. दाढीचे पांढरे खुंट वाढले की माणूस आपोआप खचलेला दिसतो, असा त्यांचा हिशेब. शनिवारी सकाळी आरशात बघितलं तर खुंटांच्या मधून गाल चमकतच होते. उलट दाढी वाढवून कुणी हौशी माणूस नाटकात काम करायला निघालाय असं दिसत होतं. कडीला दोन पिशव्या लटकत होत्या. बायजाबाई पुढच्या दाराशी होती. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं, मिटलं, पिशव्या आत ठेवल्या आणि एसटी स्टँडवर आले. रोह्याची गाडी लागलेली होती. वडखळच्या नाक्यावर गाडी बराच वेळ उभी राहिली. धरमतरकडून आलेले ट्रक, काकड्या विकणाऱ्या बायका, खाडीचा खारट वास. खिडकीच्या काचेत त्यांना आपला चेहरा दिसला आणि त्यांनी तो जरा पाडून बघितला. ओठांची टोकं खाली, डोळे अर्धे. शेजारच्या माणसाने विचारलं, "गाडी लागते काय? खिडकी उघडू?" त्यांना भयंकर ओशाळल्यासारखं झालं. पोटच्या पोरीपुढे दुःखी दिसायची तालीम करत होते ते! ती म्हणेल, आईला तुम्ही विसरलात. तिने तसं म्हटलं तर तिच्यापाशी बोलायला आपल्याकडे दुसरं काहीच उरत नाही. आणि ती म्हणते ते खोटंच आहे हे तरी कशावरून? नागोठणं गेलं. भिशेखिंडीच्या वळणांवर गाडी डोलायला लागली तरी ते सबंध रस्ता एवढाच विचार फिरवत होते, आणि दर फेरीला तो थोडा वेगळा होऊन समोर येत होता. एकदा वाटायचं, सगळं सांगून टाकावं, हसेल ती. लगेच वाटायचं, हसली तर ते अधिक वाईट.

लतिकाने दार उघडलं आणि आधी चेहराच बघितला. जावई पहिल्या पाळीला गेले होते. बाहेरच्या खोलीत भिंतीवर विमलचा मोठा करून आणलेला फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. फोटोवाल्याने तिला गोरी केली होती आणि ओठांवर थोडा रंगही दिला होता. महादेवरावांनी फोटोला हात जोडले. कुठल्यातरी शाळेच्या मोठ्या बाईंना नमस्कार करावा तसा तो झाला. लतिका आत गेली, चहाचं आधण ठेवलं. ते तिच्या मागोमाग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले, कारण त्या फोटोबरोबर एकट्याने बसवेना. वैशाखाचा उकाडा होता. तिने आधणात दूध घातलं आणि ते फाटलं. "काय मेलं दूध!" म्हणत तिने उरलेल्या दुधाचं पातेलं उचललं आणि बेसिनमध्ये कलतं केलं.

"ओतू नकोस," महादेवराव ओरडले. पुढे होऊन त्यांनी पातेल्याचा काठ धरला. थोडं दूध दोघांच्या हातांवर सांडलं.

"अहो, नासलंय ते."

"असू दे. ठेव. वरचं होईल."

हा शब्द लतिकाने कित्येक दिवसांत ऐकला नव्हता. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग महादेवरावांना थांबता येईना. त्यांनी सगळं सांगितलं, मोरीत पालथं झालेलं पातेलं, दोन पिशव्या, कढीपत्ता, मुंग्या, समई, टाचा, उडालेली चिळकांडी, डाळीचं पीठ. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं की वहीवर पाणी सांडलं म्हणून सांगणारी पोरं आपल्यापुढे अशीच उभी राहायची. आणि आपण त्यांच्यावर कधी विश्वास ठेवला नाही.

"मग एक पिशवी बंद का नाही केलीत?" लतिका म्हणाली.

"सांगावं लागेल ना गं बायजाबाईला."

"काय सांगावं लागेल?"

"एकच पुरे म्हणून."

लतिकाने गॅस बंद केला. पातेलं ओट्यावर सरळ ठेवलं, त्यावर झाकण ठेवलं. पाठमोरीच होती. "आणि ते तोंडाला लावता तेव्हा," ती म्हणाली, "तेव्हा आई आठवते?"

हो म्हणायचं होतं. हो एवढं म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं, पोरगी रडली असती, त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं असतं. महादेवरावांनी ते म्हणायच्या आधी खरंच आठवून बघितलं. पहिल्यांदा तिचे हात आले, बांगड्या मागे सारलेले. मग अंबाड्याखालची मान, पाटावर वाकलेली पाठ, "हलू नका हो" हा आवाज. मग त्यांनी तिला वर बघायला लावलं. वर काही नव्हतं. बाहेरच्या खोलीतली गोरी बाई आली, ती त्यांनी घालवली. पुन्हा तीच आली. इतकी वर्षं समोर असलेलं तोंड आपण कधी बघितलंच नाही की काय? की बघितलं, आणि मग आपल्याच तोंडावरून हात फिरवून फिरवून पुसून टाकलं?

"नाही," ते म्हणाले. "चेहरा येत नाही गं. हात येतात. चेहरा येत नाही."

ती आता काय बोलेल याची ते वाट बघत राहिले. लतिका खाली बसली, फरशीवरच, ओट्याला पाठ लावून, आणि महादेवरावांच्या मनात एकदम भीती दाटली की हीसुद्धा. पण तिने मान वर केली. तिचे डोळे भरले होते.

"मलापण नाही येत," ती म्हणाली. "महिना झाला. मला वाटलं, मीच एवढी वाईट आहे. तो फोटो आणून लावला आणि त्यानंतर तोच येतो डोळ्यांपुढे. काढायचा म्हटलं तर ह्यांना काय सांगू? काकू तुमच्याबद्दल बोलल्या ना, तेव्हा मला राग आला, आणि बरंही वाटलं. म्हटलं, चला, अण्णापण विसरले."

महादेवराव तिच्या शेजारी फरशीवर बसले. गुडघे कुरकुरले. ओल्या हाताला दुधाचा वास येत होता, तिच्याही आणि त्यांच्याही.

"त्या फोटोत काहीतरी कमी आहे," थोड्या वेळाने ते म्हणाले. "गोरेपणाचं सोड. गालावर काहीतरी होतं तिच्या."

"तीळ," लतिका म्हणाली. "मेल्याने तीळ पुसला. डाव्या गालावर होता ना?"

"उजव्या."

"डाव्या, अण्णा. मी कडेवर असायचे तेव्हा बोट लावायचे म्हणे त्याला."

"तू कुठल्या कडेवर असायचीस?"

लतिकाने विचार केला. हात एका बाजूला नेला, मग दुसऱ्या. मग तिला हसू आलं आणि हसता हसता ती रडायलाच लागली. महादेवरावांना आपण काय करावं ते समजेना. तिच्या पाठीवरून हात फिरवायचा होता, पण हात उठला तो तिच्या गालाकडे गेला. ती गप्प झाली. तिचा गाल ओला होता, विमलसारखा सावळा. त्यांनी त्यावर एक बोट टेकवलं.

"इथे?"

लतिकाने डोळे मिटले. "जरा खाली," ती म्हणाली.

त्यांनी बोट किंचित खाली आणलं.

"हं. तिथेच असावा," ती म्हणाली. दोघांनाही खात्री नव्हती. पण महादेवरावांनी बोट उचललं नाही, आणि तीही हलली नाही.